चालकाच्या अंदाजातील चूक

क्षमा हा थोरांचा गुण असेल. मी थोर नाही, आणि माझ्यापाशी पोचपावत्या आहेत. पुढे जे सांगतो आहे ती एका सुडाची हकीकत आहे. तिला न्यायाची हकीकत म्हणण्याचा मोह मला अनेकदा झाला. परंतु शपथेवर लिहिण्याची सवय असलेल्या माणसाने शब्दांशी अशी लबाडी करू नये.

सूड एका वाक्याचा होता. सर्व्हिस सेंटरने दिलेल्या आमच्या गाडीच्या जॉब कार्डावर, शेऱ्याच्या चौकटीत, ते इंग्रजीत छापून आले. त्याचे मराठी एवढेच: वाहनात दोष आढळला नाही, चालकाच्या अंदाजातील चूक. चालक म्हणजे माझी सून.

ती हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करते आणि आम्ही पुनावळ्याला राहतो. हे अंतर नकाशावर पाहिले तर हसू येते, सकाळी नऊ वाजता रस्त्यावर पाहिले तर रडू. आम्ही मूळचे लातूरकडचे. आमच्या घरात तिच्या आधी कोणत्याही बाईने स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. लग्नानंतर ती स्वतःहून गाडी शिकली, परवाना काढला, आणि पुढची चार वर्षे रोज तोच रस्ता कापूनही गाडीवर ओरखडा येऊ दिला नाही.

त्या सकाळी महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर तिच्यापुढचा पाण्याचा टँकर एकाएकी थांबला. तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण सरळ थांबली नाही. डावीकडे झपकन वळून ती गटाराच्या कामासाठी रचलेल्या पेव्हर ब्लॉकच्या ढिगाला जाऊन भिडली. ढिगाच्या पलीकडे कंपनीच्या बसची वाट पाहत तीन बायका उभ्या होत्या. त्यांतली एक मागे सरताना पडली आणि तिच्या तळहाताची साल निघाली. ढीग तिथे नसता तर काय झाले असते, ते मी कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही आणि इथेही लिहीत नाही. जमलेल्या गर्दीतला एक इसम सुनेला म्हणाला, "मॅडम, जमत नाही तर कशाला चालवता? घरी बसा की निवांत." त्या इसमाचा मला अखेरपर्यंत शोध लागला नाही. या संपूर्ण प्रकरणातले माझे हे एकमेव अपयश होय.

माझा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. गाडी सर्व्हिस सेंटरला त्यानेच नेली. नवा बंपर आणि ते वाक्य घेऊन तो परत आला, कार्ड जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि किल्ली स्वतःच्या कपाटात. भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. काही दिवस कॅबने जा, एवढेच तो तिला म्हणाला, आणि काही दिवस म्हणजे किती हे त्याने सांगितले नाही. कंपनीची कॅब पावणेसातला यायची, आणखी तिघांना गोळा करत निम्मे वाकड फिरायची, आणि संध्याकाळीही तशीच फिरत तिला घरी आणून टाकायची. याचीही मला तितकी चीड आली नव्हती. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बाबा, मलाच कळलं नसेल कदाचित. पाय घाईत पडला असेल." ज्या बाईला गाडी काय करते आहे ते पुरते कळले होते, तिला एका छापील ओळीने स्वतःच्याच पायाविषयी शंका घ्यायला लावली होती. त्या दिवशी मी नवी फाइल उघडली.

आता माझ्याविषयी, कारण तक्रारदाराने स्वच्छ हातांनी यावे असा संकेत आहे आणि माझे हात स्वच्छ नव्हते. मी छत्तीस वर्षे ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होतो. आधी चिंचवडला, आणि कारखाना चाकणला हलला तेव्हा चाकणला. कामगार संघटनेची न्यायालयातली कागदपत्रेही मीच लिहीत असे. वकील फक्त सही करीत. असा हा माणूस अपघाताच्या पंधरा दिवस आधी वर्तमानपत्र वाचत बसला होता, तेव्हा सून त्याला म्हणाली होती की ब्रेक दाबला की गाडी जराशी डावीकडे जाते. मी मान वर न करता उत्तर दिले होते की दोन्ही हातांनी घट्ट धरत जा. म्हणजे कार्डावरचे वाक्य प्रथम माझ्याच तोंडून निघाले होते. फरक इतकाच की मी ते छापले नव्हते. ही गोष्ट मी लपवली नाही. पुढे प्रतिज्ञापत्रात लिहिली, आणि समोरच्या वकिलाने ती माझ्याविरुद्ध वापरली. वापरणारच. परंतु स्वतःवर सूड उगवण्याचे मार्ग कायद्यात फार थोडे आहेत, म्हणून मी पुढच्या आरोपीकडे वळलो.

रविवारी सकाळी मुलाकडून किल्ली मागून घेतली. बापाला नाही म्हणण्याइतका तो अजून मोठा झालेला नाही.

ओढणारी गाडी ही कच्च्या साक्षीदारासारखी असते. तिला एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी विचारावा लागतो. मी प्रथम पुढच्या दोन्ही चाकांतली हवा मोजली, चाके थंड असताना. सारखी होती. मग रस्त्याच्या मोकळ्या, सपाट तुकड्यावर ब्रेकला पाय न लावता, स्टिअरिंगवर नुसती बोटे टेकवून गाडी चालवली. ती सुतासारखी सरळ गेली. त्यानंतर ब्रेक दाबला, आणि तिने डावीकडे मान टाकली. मग परत येऊन पार्किंगमध्ये जॅक लावला आणि पुढची दोन चाके एकमेकांच्या जागी बसवली; दोष टायरचा असता तर आता गाडीने उजवीकडे ओढायला हवे होते. तिने पुन्हा डावीकडेच ओढले. टायर निर्दोष सुटले.

उरला ब्रेक. मी रावेतच्या पुलापर्यंत जाऊन आलो, वाटेत पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत. मागच्या वाहनचालकांनी माझ्या घराण्याचा जो उद्धार केला तो मी प्रकरणाच्या खर्चात धरला. परत येताच खाली वाकून दोन्ही चाकांजवळ हाताची पालथी बाजू नेली. डावे चाक तव्यासारखे तापले होते. उजवे चाक विसरलेल्या चहासारखे कोमट. डावा ब्रेक एकटा राबत होता. उजवा कामावर हजेरी लावून झोपला होता. गाडी डावीकडे ओढते म्हणून सगळे डावीकडे पाहतात. गुन्हेगार बहुधा उजवीकडे असतो.

तो नेमका कोण, याचाही मला अंदाज होता. चाकामागची लोखंडी तबकडी दोन पॅड दोन्ही बाजूंनी धरतात, जशी आपण चिमटीत सुपारी धरतो. ही चिमटी दोन पिनांवर सरकते. एक पिन गंजून अडकली की चिमटीचे एकच बोट दाबते, दुसरे नुसते टेकून राहते. मला ती पिन उघडून पाहता आली असती. पण गाडी वाढीव वॉरंटीत होती, आणि मी बोल्टला पाना लावला असता तर पुढचे कार्ड माझ्या नावाने छापले गेले असते. म्हणून मी पाना लावला नाही. मी रेघ ओढली.

आमच्या कारखान्यात बोल्ट आवळून तपासला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत एक पिवळी रेघ ओढण्याची पद्धत होती. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ पुन्हा जुळवता येत नाही. या पट्ट्यातल्या कोणत्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला ही रेघ ठाऊक आहे. निवृत्त होताना मी तसला रंगाचा एक पेन खिशात घालून आणला होता. चोरीचा असा तो एकच माल माझ्या घरात आहे. उजवे चाक पुन्हा उतरवून मी त्या चिमटीच्या, म्हणजे कॅलिपरच्या, दोन्ही बोल्टांवर त्या पेनाने बारीक रेघ ओढली, शेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र धरून फोटो घेतला, आणि चाक बसवले.

गाडी दुसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला गेली ती माझ्या दोन पानी पत्रासह. पत्रात मी सर्व चाचण्या क्रमाने लिहिल्या, उजव्या पुढच्या ब्रेकच्या पिना काढून पाहाव्यात अशी स्पष्ट विनंती केली, आणि प्रतीवर शिक्का घेतला. रेघेविषयी एक अक्षर लिहिले नाही. संध्याकाळी गाडी परत आली. कार्डावर छापले होते की पिना काढून साफ केल्या, नवे ग्रीस भरले, गाडी चालवून पाहिली. त्याखाली तेच वाक्य, जसेच्या तसे.

मी पार्किंगमध्ये चाक उतरवले. दोन्ही रेघा अखंड होत्या. नवऱ्या मुलीच्या कपाळावरचा मळवट जितका ताजा असतो तितक्या ताज्या. बोल्टांना कोणी स्पर्शही केला नव्हता. कार्डावरच्या चौकटी कोणीतरी खुर्चीत बसून, पडद्यावर बोट टेकवत भरल्या होत्या. खरे सांगतो, इतका निर्भेळ आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

त्यानंतरचे पत्र चार पानी होते. सेवेतील त्रुटी, खोटी नोंद, मानहानी, आणि ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वीची संधी म्हणून संयुक्त पाहणीची मागणी. सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकाचा तिसऱ्या दिवशी फोन आला. पस्तिशीचा गोडबोल्या माणूस. त्याने मला काका म्हटले. मी त्याला कळवले की या प्रकरणात मी काका नसून तक्रारदार आहे, आणि उत्तर लेखी द्यावे. तसे उत्तर आले. पाहणी गुरुवारी ठरली.

गुरुवार मीच सुचवला होता. त्यांचे सर्व्हिस सेंटर चिखलीच्या बाजूला आहे, आणि त्या दिवशी तिकडच्या लहान कारखान्यांना सुट्टी असते. एरवी टेम्पोंनी तुंबलेल्या गल्ल्या मोकळ्या पडतात. माझी अट एकच होती: गाडी माझी सून चालवील आणि व्यवस्थापक तिच्या शेजारी बसतील.

ती रजा टाकून आली होती. दोन महिन्यांनंतर त्या सीटवर बसत होती. बसली आणि हात मांडीवर ठेवून समोर पाहत राहिली, इतका वेळ की व्यवस्थापकाने घड्याळ पाहिले. मी खिडकीशी उभा होतो. माझा सल्ला तिने एकदा ऐकलेला होता. व्यवस्थापक पट्टा लावत मोठ्या मायेने म्हणाला, "मॅडम, स्टिअरिंग नीट घट्ट धरा, काही होत नाही."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. "आधी घट्ट धरून दाखवते," ती म्हणाली, "मग सोडून दाखवते."

मी आणि त्यांचा फोरमन गल्लीच्या दोन तोंडांशी उभे राहिलो, कोणी आत येऊ नये म्हणून. पहिल्या खेपेला तिने दोन्ही हातांनी धरले. ब्रेक लागताच गाडी डावीकडे झुकली आणि तिचे दंड ताठरलेले मला लांबूनही दिसले. दुसऱ्या खेपेला तिने ब्रेकबरोबर हात उचलले. गाडी अर्धी गल्ली तिरकी कापून गवतात शिरली आणि थांबली. व्यवस्थापकाने एक हात पुढे टेकवला होता आणि दुसऱ्याने दाराची मूठ पकडली होती. बस झाले, दिसले, असे तो म्हणाल्याचे सुनेने नंतर सांगितले. त्यावर ती त्याला म्हणाली, "अजून एकदा बघा ना सर. कार्डावर लिहायचंय तुम्हाला." आणि तिसऱ्यांदा तिने त्याला गवतात नेले.

मी आयुष्यात न्यायालयाचे पुष्कळ आदेश वाचले आहेत, कामगारांच्या बाजूने लागलेले. कोणत्याही आदेशाने मला गाडीतून उतरणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्याइतके समाधान दिलेले नाही.

मग गाडी आत घेतली आणि चाक उतरवले. फोरमन चिखलीच्याच जुन्या शेतकरी घरातला, पन्नाशीचा. वडिलोपार्जित जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत आणि हा हौसेने पाना धरतो. मी त्याच्यासमोर फोटो ठेवला. त्याने बॅटरीचा उजेड पाडून बोल्ट पाहिले, फोटो पाहिला, पुन्हा बोल्ट पाहिले.

"साहेब, रेघ हाय तशीच हाय," तो व्यवस्थापकाला म्हणाला. "ह्यो बोल्ट कुनी हलवलाच न्हाई."

व्यवस्थापक हळूच म्हणाला की कार्डात तर ग्रीस केल्याचे आहे.

"कार्डात लई काय काय असतंय."

त्याने बोल्ट सोडले. वरची पिन हाताने निघाली. खालची हाताने निघेना, पान्याने निघेना. पान्याला पाइप लावून दोघांनी जोर दिला तेव्हा ती किंचाळत बाहेर आली, तपकिरी, गंजाचे पापुद्रे धरलेली. तिच्यावरची रबरी टोपी फाटलेली होती आणि तिथून पाणी आत गेले होते. आतला पॅड झिजून लोखंडाला टेकत आला होता. बाहेरचा जवळजवळ नवा. फोरमनने दोन्ही पॅड सुनेच्या हातात दिले. "बघा ताई. एक मेला, दुसरा बसून खातोय." ती हसली नाही. तिने दोन्ही पॅड एकमेकांना लावून जाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मग खाली स्टुलावर बसली. तिला आता कोणाच्या कार्डाची गरज नव्हती. मला होती.

नव्या पिना, नव्या टोप्या, दोन्ही चाकांना नवे पॅड. फोरमनने डावी बाजूही उघडून साफ केली, कारण एका बाजूचा ब्रेक नवा आणि दुसरीचा जुना ठेवला तर ओढणे फक्त दिशा बदलते. पुन्हा गल्लीत गेलो. सुनेने हात सोडून ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी, सरळ, नम्रपणे थांबली.

व्यवस्थापकाने दुरुस्तीचा शेरा लिहून आणला: वाहनातील किरकोळ दोष दूर केला. मी त्याला किरकोळ हा शब्द काढायला सांगितला. त्याचे म्हणणे, पिन एवढीशीच तर असते. मी म्हणालो की ढिगामागे उभ्या असलेल्या बायका एवढ्याशा नव्हत्या. त्याने नवा कागद घेतला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला: पूर्वीच्या दोन्ही नोंदी चुकीच्या होत्या, पिना तपासल्या नव्हत्या, अपघातात चालकाची चूक नव्हती. शेवटच्या वाक्याशी त्याचे पेन थांबले. तो बीडकडचा निघाला. आपण एकाच भागातले, म्हणाला. हे कागद वर गेले तर माझी खुर्ची जाईल, प्रकरण इथेच मिटवू. तुमच्याच मुलासारखा आहे मी.

"माझ्या मुलालाही मी पत्र लिहिणार आहे," मी म्हणालो. "सही करा."

त्याने सही केली. मी शिक्का मारून घेतला, आणि पुढच्या सोमवारी आयोगात तक्रार दाखल केली. दोन महिन्यांनी त्याला तिथून हलवल्याचे मला फोरमनकडून कळले. मला वाईट वाटले का? वाटेल म्हणून मी आठ दिवस वाट पाहिली. वाटले नाही.

मुलाला पत्र लिहिले हेही खरे. एकाच घरात राहत असलो तरी मी ते स्पीड पोस्टाने पाठवले. टपाल सुरक्षारक्षकाच्या टेबलावर आले, सुरक्षारक्षकाने ते माझ्या हातात दिले, आणि मी मुलाला दिले. सोबत शेऱ्याची प्रत जोडून मी विचारले होते की कोणत्या पुराव्याच्या आधारे किल्ली जप्त करण्यात आली, आणि सात दिवसांत ती ज्या व्यक्तीकडून घेतली तिच्याच हाती का देण्यात येऊ नये. तो चिडला, घराची कचेरी केली म्हणाला. मी त्याला उत्तर लेखी देण्यास सुचवले. सहाव्या दिवशी त्याने किल्ली सुनेच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

तिने ती उचलली नाही. ताट उचलले, किल्ली तिथेच राहू दिली. दुसऱ्या दिवशीही पावणेसातला कॅब आली आणि ती गेली. तिसऱ्या दिवशीही. मी इतकी पाने लिहून जे साधले त्याहून धारदार असे काहीतरी ती एक शब्दही न लिहिता करीत होती, आणि मी ते नुसते पाहत होतो. मुलगा किल्ली फ्रिजवर ठेवी, पुन्हा टेबलावर ठेवी, तिच्या पर्सजवळ ठेवी.

मग एका सकाळी त्याची चाकणची बस चुकली. पुढच्या थांब्यावर तिला गाठता आले असते, पण गाडीनेच. सुनेने त्या दिवशी घरून काम घेतले होते. ती चहा घेत होती. सोडतेस का, असे त्याने विचारले.

"कॅबने जा ना," ती म्हणाली. "काही दिवस."

तो दारात बूट घालून उभा होता. बस जात होती आणि तो उभाच होता. मी वर्तमानपत्र खाली ठेवले. शेवटी त्याने तोंड उघडले, आणि आवाज इतका खाली होता की मला पुढे झुकावे लागले.

"त्या दिवशी काय झालं ते मी तुला विचारलंच नाही," तो म्हणाला. "कार्डच वाचलं."

तिने चहा संपवला. घाई केली नाही. कप विसळून पालथा घातला, ओढणी घेतली, आणि टेबलावरची किल्ली उचलून त्याच्यापुढे जिना उतरू लागली.

मी गॅलरीत गेलो. गाडी पार्किंगमधून बाहेर आली, फाटकाजवळच्या गतिरोधकाआधी मागचे दोन्ही लाल दिवे लागले, आणि ती रेषेत थांबून रस्त्याला लागली. मग मी आत आलो, चष्मा पुसला, आणि आयोगासमोर सर्व्हिस सेंटरच्या वकिलाने दिलेल्या उत्तराला परिच्छेदवार प्रत्युत्तर लिहायला बसलो. तारीख जवळ आली होती.